दूरस्थ संगणक आणि दृष्टिहीन कर्मचारी

अनेक कार्यालयांत टेबलावरील संगणक हा आता केवळ खिडकीसारखा झाला आहे. प्रत्यक्ष काम दुसऱ्या शहरातील संगणकावर चालते. डोळस कर्मचाऱ्यास या अंतराची जाणीवही होत नाही. दृष्टिहीन कर्मचाऱ्याचे काम मात्र नेमके येथेच अडते.

दृष्टिहीन व्यक्ती ‘स्क्रीन रीडर’ म्हणजे पडदावाचकाच्या साहाय्याने संगणक वापरते. हा पडदावाचक सहसा चित्र पाहत नाही. हे बटण आहे, ही चौकट रिकामी आहे, ही माहिती तो आज्ञावलीकडून विचारून घेतो आणि वाणीने किंवा ब्रेलमधून सांगतो. दूरस्थ जोडणीतून बहुधा पडद्याचे नुसते चित्र येते. त्यामुळे नमुना ८ चा उतारा समोर असला, तरी टेबलावरील पडदावाचक खिडकीचे नाव उच्चारून गप्प बसतो.

पडदावाचक दूरच्या संगणकावर चालवून त्याचा आवाज अलीकडे आणणे, हा एक उपाय होय. परंतु जोडणी मंद असल्यास कळ दाबल्यानंतर शब्द उशिरा ऐकू येतो. आवाजाच्या मार्गाने ब्रेलही येत नाही. आवाजाऐवजी शब्दच पाठविणे अधिक श्रेयस्कर. ‘एनव्हीडीए’ या विनामूल्य पडदावाचकाचे काम ऑस्ट्रेलियातील मायकेल करन यांनी २००६ मध्ये सुरू केले. दूरस्थ वापरासाठी त्यास पूरक आज्ञावली जोडावी लागे. २०२५ च्या पहिल्या आवृत्तीपासून ही सोय मूळ आज्ञावलीतच आहे. दोन्ही संगणकांवर एनव्हीडीए चालू करून एकच संकेतशब्द द्यावयाचा. दाबलेली कळ पलीकडे जाते, उत्तराचे शब्द अलीकडे येतात आणि स्थानिक वाणी ते उच्चारते. मात्र हा संकेतशब्द कपाटाच्या किल्लीसारखाच जपला पाहिजे. तो ज्याच्या हाती, त्याच्या हाती पलीकडचा संगणक जाऊ शकतो.

लिनक्सवर प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. तेथील ‘ओर्का’ पडदावाचक ‘एटी-एसपीआय’ व्यवस्थेतून माहिती मिळवतो आणि प्रत्येक वापरकर्त्याच्या सत्राचा संदेशमार्ग स्वतंत्र असतो. जोडणी मागणाऱ्याचा वापरकर्ता-क्रमांक तेथे तपासला जातो. म्हणून व्यवस्थापकाच्या नावाने उघडलेली खिडकी दिसते, पण ती अनेकदा बोलत नाही. ‘एसएसएच’द्वारे दूरच्या आज्ञावलीची खिडकी अलीकडे आणली, तरी तिचा संदेशमार्ग आपोआप येत नाही. ओपनएसएसएचच्या २०१४ मधील ६.७ आवृत्तीपासून असा मार्गही वाहून नेता येतो. परंतु दोन्हीकडील वापरकर्ता-क्रमांक निराळे असल्यास जोडणी नाकारली जाऊ शकते. हा अडसर निष्कारण नाही. पडदावाचकास जे कळते ते पत्रव्यवहारापासून टंकलेखनापर्यंत सर्व काही असते; कोणाही परक्या वापरकर्त्यास तेथे प्रवेश देणे घातक ठरेल. तेव्हा कुलूप तोडण्यापेक्षा दोन्हीकडे एकच वापरकर्ता-क्रमांक ठेवण्याची तजवीज संगणक-व्यवस्थापकाने करावी.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २० नुसार दिव्यांग कर्मचाऱ्यास वाजवी सोयी पुरविणे प्रत्येक शासकीय आस्थापनेवर बंधनकारक आहे. दूरस्थ प्रणाली खरेदी करतानाच तिची चाचणी दृष्टिहीन कर्मचाऱ्याकडून करवून घेतल्यास पुढील पत्रापत्री टळते. चाचणीचा आरंभ प्रवेशाच्या पडद्यापासून करावा. विंडोजमध्ये हा पडदा सुरक्षेसाठी वेगळा राखलेला असतो आणि तेथे एनव्हीडीए बोलण्यासाठी तो संगणकावर रीतसर बसवून तशी परवानगी आधीच द्यावी लागते.