तंजावरच्या देवळाला 'विमान' का म्हणतात?

प्रश्न : नुकतेच तंजावरला जाऊन बृहदीश्वराचे दर्शन घेतले. आम्ही ज्याला शिखर म्हणत होतो, त्याला तिथले लोक 'विमान' म्हणत होते. देवळाचे विमान आणि आकाशात उडणारे विमान हा एकच शब्द आहे का? यातला आधीचा अर्थ कोणता? आणि शब्द इतका जुना असेल, तर आपल्याकडे पूर्वी विमाने उडत होती असे जे सांगतात, ते खरे मानायचे का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : शब्द एकच आहे. मात्र तुम्ही सांगितलेल्या दोन्ही अर्थांच्या आधी त्याला आणखी एक अर्थ होता, तो म्हणजे मोजणे. 'मा' या धातूपासून आपल्याकडे मान, माप, प्रमाण, परिमाण, अनुमान असे कितीतरी शब्द आले. त्याच धातूला 'वि' हा उपसर्ग लागला की 'विमान' होते. म्हणजे नीट मापून आखणे किंवा मापून आखलेली गोष्ट. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या हिरण्यगर्भ सूक्तात हा शब्द अंतरिक्ष मोजणाऱ्या देवासाठी आला आहे. चरकसंहितेच्या तर एका अख्ख्या विभागाचे नावच 'विमानस्थान' आहे. त्यात रस, दोष, रोग, औषधे यांचे नेमके मान कसे ठरवावे, याची चर्चा आहे. वैद्याने रोग्याकडे जाण्यापूर्वी हे माप शिकलेले असावे, हा त्यामागचा विचार. उडण्याचा तिथे काहीही संबंध नाही.

मापून आखलेली सर्वांत भव्य वास्तू कोणाची असणार? देवांची. महाकाव्यांच्या काळापर्यंत 'विमान' म्हणजे देवांचा दिव्य प्रासाद आणि देवांचे वाहन असे दोन्ही अर्थ रूढ झाले. रामायणातले पुष्पक नीट वाचा. विश्वकर्म्याने ते घडवले, कुबेराकडून रावणाने हिरावून घेतले आणि शेवटी रामाला अयोध्येला पोहोचवले. ही वाहनाची गोष्ट झाली. पण सुंदरकांडात हनुमंताला ते लंकेत दिसते तेव्हा त्याचे वर्णन एखाद्या रत्नजडित राजवाड्यासारखे आहे. घर आणि वाहन तिथे वेगळे काढताच येत नाही. पालीतल्या 'विमानवत्थु' या ग्रंथातली विमाने ही पुण्यवंतांना स्वर्गात मिळणारी निवासस्थाने आहेत. अमरकोशात हा शब्द स्वर्गवर्गात येतो आणि तिथे त्याचा समानार्थी शब्द 'व्योमयान' असा दिला आहे. थायलंडमध्ये स्वर्गीय प्रासाद हा अर्थ आजही जिवंत आहे. बँकॉकमधल्या 'विमानमेक' या राजवाड्याचे नाव म्हणजे आपलेच 'विमान' आणि 'मेघ'. पंचम राम राजाने विसाव्या शतकाच्या आरंभी तो बांधला.

आता देवळाकडे वळू. देऊळ हे देवाचे पृथ्वीवरचे घर. स्वर्गातल्या घराला जे नाव, तेच त्यालाही मिळाले. दक्षिणेतल्या 'मयमत'सारख्या वास्तुग्रंथांत विमान म्हणजे गर्भगृहावरचा नुसता मनोरा नव्हे. जोत्यापासून कळसापर्यंतची सबंध वास्तू म्हणजे विमान. तिचे सहा भाग सांगितले जातात : अधिष्ठान, भिंत किंवा पाद, प्रस्तर, ग्रीवा, शिखर आणि स्तूपी. आपण महाराष्ट्रात सरसकट ज्याला शिखर म्हणतो, ते दक्षिणेत या सहांपैकी एका भागाचे, वरच्या घुमटाकार माथ्याचे नाव आहे. गोपुर आणखी वेगळे. ते प्राकाराच्या दरवाजावर असते. पुढच्या काळातल्या मदुराई किंवा श्रीरंगमच्या देवळांत गोपुरे विमानांपेक्षा कितीतरी उंच गेली. तंजावरला मात्र विमानच सर्वांत उंच आहे.

विमान म्हणजे सबंध वास्तू, याचा सर्वांत भक्कम पुरावा तंजावरच्याच देवळावर कोरलेला आहे. पहिल्या राजराज चोळाने हे देऊळ १०१० च्या सुमारास पूर्ण केले. आपण, आपल्या थोरल्या बहिणीने, राण्यांनी आणि इतरांनी देवाला जे जे दिले, ते 'श्रीविमाना'च्या दगडावर कोरावे, अशी आज्ञा त्याने दिली. ती आज्ञा आणि त्यामागोमाग आलेल्या दानांच्या याद्या जोत्याच्या थरांवर आणि भिंतींवर ओळीने कोरलेल्या आहेत. प्रदक्षिणा घालताना हात पोहोचेल इतक्या उंचीवर ही अक्षरे सुरू होतात. म्हणजे राजराजाच्या दृष्टीने जोतेसुद्धा विमानच होते. आपल्या कारकिर्दीच्या पंचविसाव्या वर्षाच्या २७५ व्या दिवशी त्याने विमानाच्या माथ्यावर बसवण्यासाठी सोन्याने मढवलेला तांब्याचा कलश दिला, अशीही नोंद तिथेच आहे. तेरा मजल्यांच्या, सुमारे ६० मीटर उंचीच्या या वास्तूला 'दक्षिणमेरू' असे नाव होते. मेरू म्हणजे देवांचा पर्वत. नावांतूनच स्वर्ग जमिनीवर आणण्याचा संकल्प दिसतो.

या विमानाच्या पोटात, गर्भगृहाभोवतीच्या अंधाऱ्या बोळात चोळकालीन भित्तिचित्रे आहेत. नायक काळातल्या रंगाच्या थराखाली दडलेली ही चित्रे १९३१ मध्ये उजेडात आली. त्यांत शिवभक्त सुंदरर कैलासाला निघाला आहे. तो पांढऱ्या हत्तीवर बसला आहे आणि त्याचा मित्र चेरमान पेरुमाळ घोड्यावर. कैलासाला नेणारे वाहन म्हणून चोळ चित्रकाराने हत्ती-घोडे रंगवले, तेही ज्या इमारतीला विमान म्हणतात तिच्याच भिंतीवर. 

असेच दाक्षिणात्य पद्धतीचे विमान पाहायला मराठी माणसाला तंजावरपर्यंत जायचीही गरज नाही. वेरूळचे कैलास लेणे हे आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातले, एकाच खडकातून कोरलेले द्राविड विमान. ८१२ च्या बडोदा ताम्रपटात याच्या वर्णनात कवीने कल्पना केली आहे, की विमानांतून जाणारे देवही हे पाहून थक्क झाले आणि हे माणसाच्या हातून घडले नसावे असे त्यांना वाटले.

तंजावरवर १६७० च्या दशकात व्यंकोजी राजांनी मराठी राज्य उभे केले आणि ते १८५५ पर्यंत टिकले. दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत याच देवळाच्या आवारातल्या भिंतीवर कोरवला. त्याच राजांच्या नावावर 'देवेंद्र कुरवंजी' हे मराठी नाटक आहे. नाव इंद्राचे, पण गाण्यांमधून शिकवलाय तो पृथ्वीचा भूगोल. स्वर्गाची जुनी चौकट घेऊन तिच्यात नवे ज्ञान बसवण्याची ही रीत ध्यानात ठेवा. पुढे 'विमान' शब्दाचे नेमके तेच झाले.

राइट बंधूंचे यंत्र १९०३ मध्ये उडाले. फेब्रुवारी १९११ मध्ये अलाहाबादहून नैनीला टपाल घेऊन विमान गेले. या नव्या यंत्राला नाव हवे होते आणि देवांच्या वाहनाचे नाव तयार होते. तुकोबांना वैकुंठाला नेणारे विमान मराठी घराघरांत चित्रांतून आणि कीर्तनांतून ओळखीचे होतेच. तो शब्द यंत्राला सहज चिकटला. कन्नड, तेलुगू, मल्याळम आणि बंगालीनेही तोच उचलला. बांगलादेशाच्या सरकारी विमान कंपनीचे नावच 'बिमान' आहे. तमिळमध्ये तर दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदतात. देवळाचे ते विमानम् आणि विमानतळ म्हणजे विमान निलैयम्. तंजावरला हवाई दलाचा तळ आहे आणि जानेवारी २०२० पासून तिथे सुखोई लढाऊ विमानांची स्क्वाड्रन आहे. एकाच गावात दोन्ही विमाने!

असे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. इंग्रजीत स्वर्गीय, अलौकिक या अर्थी 'ईथिरिअल' हा शब्द आहे. तो ग्रीकांच्या 'ऐथर'वरून आला. ऐथर म्हणजे आकाशातली वरची, तेजस्वी, निर्मळ हवा. अठराव्या शतकात रसायनशास्त्रज्ञांनी झटकन उडून जाणाऱ्या एका द्रवाला ईथर म्हटले. १८४६ मध्ये बॉस्टनच्या रुग्णालयात त्याच ईथरने रोग्याला गुंगी देऊन शस्त्रक्रिया झाली. १९७३ मध्ये संगणक जोडणाऱ्या तारांच्या जाळ्याला 'ईथरनेट' नाव मिळाले. म्हणून प्राचीन ग्रीकांकडे संगणक होते, असे कोणी म्हणत नाही.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. शब्दाच्या वयावरून यंत्राचे वय ठरत नाही. भरद्वाज ऋषींच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाचा बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच संशोधकांनी १९७४ मध्ये अभ्यास केला. ग्रंथाची भाषा अर्वाचीन, तो विसाव्या शतकातच रचलेला आणि त्यातले एकही यंत्र उडण्याजोगे नाही, असा त्यांनी निर्वाळा दिला. जुन्या ग्रंथांतल्या 'विमान' शब्दात आजचे इंजिन आणि पंख कोंबणे म्हणजे त्या ग्रंथांवर अन्यायच.

आपल्या पूर्वजांचा अभिमान जरूर बाळगा, पण तो जे त्यांनी खरोखर केले त्याचा असू द्या. हजार वर्षांपूर्वी त्यांनी ग्रॅनाइटचे चिरे एकावर एक रचून, प्रत्येक थराचे माप राखून, आतून पोकळ असे ६० मीटरचे विमान उभे केले आणि ते आजही जागेवर आहे. मूळ अर्थाने पाहिले तर 'विमान' हे नाव त्यालाच सर्वांत शोभते. पुन्हा तंजावरला जाल, तेव्हा कळसाकडे पाहण्यापूर्वी जोत्यावरची अक्षरे जरूर पाहा.