इन्सुलिनची गोळी कधी मिळेल?

प्रश्न : वडिलांना दिवसातून दोनदा इन्सुलिन टोचावं लागतं. डिंकासारख्या पदार्थाच्या सूक्ष्म कणांतून ते तोंडावाटे देता येतं, असं वाचलं. खरं आहे का? (एक वाचक, अकोट)

उत्तर : प्रयोगशाळेत खरं, औषधाच्या दुकानात नाही. इन्सुलिन म्हणजे ५१ अमिनो आम्लांचं प्रथिन. गिळलं, की वरणातल्या प्रथिनासारखंच पचतं. शिवाय रेणू मोठा, त्यामुळे आतड्याच्या अस्तरातून आपणहून जवळजवळ जातच नाही.

म्हणून त्याला वेष्टन हवं. कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून निघणारं कायटोसान आणि समुद्री शेवाळातलं अल्जिनेट यांवर विरुद्ध विद्युतभार असतात. पाण्यात ते एकमेकांना धरतात आणि इन्सुलिनला पोटात घेऊन काहीशे नॅनोमीटरचे कण बनतात. अल्जिनेट जठराच्या आम्लात आक्रसून राहतं. पुढे कायटोसान आतड्याच्या चिकट थराला बिलगतं, पेशींमधल्या फटी थोडा वेळ सैल करतं. आपल्या मेळघाटातल्या धावड्याचा डिंकही नैसर्गिक पॉलिमरच. पण डिंकाचे लाडू खाऊन साखर उतरेल, असा अर्थ कृपया काढू नका!

खरी अडचण पुढे आहे. रक्तात पोहोचतो तो थोडाच भाग, आणि तोही जेवणानुसार बदलतो. इन्सुलिनमध्ये एवढी अनिश्चितता परवडत नाही. २०२२पासून भारतात मिळणारी मधुमेहावरची सेमाग्लुटाइडची गोळी इन्सुलिन नव्हे आणि तिच्यात नॅनोकणही नाहीत.

तेव्हा वडिलांचं इंजेक्शन डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही थांबवू नका.