मेंदूचा निरोप आणि पाठीतली दोरी

दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातून लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर, ट्रॉलीवर चढायचं, हे तिथलं रोजचं काम. पाय घसरून कुणी पडलं की भोवतीची माणसं मायेनं धावतात. दोघं काखेत धरतात, दोघं पाय धरतात, पाणी पाजतात आणि जीपमध्ये बसवून दवाखान्यात नेतात. पण मणका मोडलेला असेल, तर याच उचलण्यानं वाचण्यासारखे पाय कायमचे जाऊ शकतात. असं का होतं, ते समजून घेऊ.

मेंदू : हुकूम देणारा

मोठ्या माणसाचा मेंदू साधारण 1300 ते 1400 ग्रॅम वजनाचा असतो. म्हणजे शरीराच्या वजनाचा जेमतेम पन्नासावा हिस्सा. पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूचा पाचवा हिस्सा तो एकटा वापरतो. चार-पाच मिनिटं प्राणवायू मिळाला नाही, तर मेंदूच्या पेशी मरायला लागतात. म्हणून निसर्गानं त्याला कवटीच्या पेटीत, तीन आवरणांत आणि पाण्यासारख्या द्रवात जपून ठेवलं आहे.

मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात मेंदूचे तीन भाग दिलेले असतात. प्रमस्तिष्क म्हणजे मोठा मेंदू. विचार, आठवण, बोलणं, पाहणं, हात-पाय हलवणं हे त्याचं काम. त्याची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवते आणि उजवी बाजू डावी. अनुमस्तिष्क म्हणजे लहान मेंदू. फळीवरून मोळी घेऊन चढताना तोल सांभाळतो तो हाच. तिसरा मस्तिष्कपुच्छ. आपण झोपेत असतानाही श्वास आणि हृदयाचे ठोके त्याच्यामुळे नीट चालू राहतात.

मेरुरज्जू : निरोप नेणारी दोरी

मेरू म्हणजे पाठीचा कणा, रज्जू म्हणजे दोरी. मेंदूपासून निघालेली ही दोरी मणक्यांच्या पोकळीतून कमरेच्या वरच्या भागापर्यंत येते. लांबी साधारण 45 सेंटिमीटर, जाडी करंगळीएवढी. तिच्यातून मज्जातंतूंच्या 31 जोड्या निघून अंगभर पसरतात. ‘पाय उचल’ हा हुकूम वरून खाली जातो आणि ‘पायात काटा रुतला’ ही खबर खालून वर जाते. काही कामं मेरुरज्जू स्वतःच उरकते. तापलेल्या तव्याला बोट लागलं की हात आधी मागे येतो आणि चटका मग कळतो, कारण तो हुकूम मेंदूपर्यंत न जाता मेरुरज्जूतूनच सुटलेला असतो.

हाताचं हाड मोडलं तर जुळून येतं. मेरुरज्जू तुटली तर तशी जुळून येत नाही. इजा मानेत झाली तर दोन्ही हात आणि दोन्ही पाय जाऊ शकतात. मानेत फार वर झाली तर श्वासही बंद पडतो. पाठीत झाली तर पाय जातात आणि लघवी-संडासवरचा ताबा सुटतो.

मात्र पडल्याबरोबर दोरी तुटतेच असं नाही. मणका मोडलेला असतो, आतली दोरी शाबूत असते. अशा वेळी माणसाला वाकवलं, बसवलं, ओढलं, तर मोडक्या हाडाची कड दोरीत घुसते. नुकसान तिथं होतं.

कुणी उंचावरून पडलं तर

1. जागेवरच पडू द्या. उठवू नका, बसवू नका. डोकं आणि मान दोन्ही हातांनी स्थिर धरा. ‘मान हलवू नको’ असं सांगा.
2. लगेच 108 ला फोन लावा. ही रुग्णवाहिका मोफत आहे आणि राज्यात कुठंही बोलावता येते.
3. हातापायाची बोटं हलतात का, स्पर्श कळतो का, ते विचारा आणि डॉक्टरांना सांगा.
4. पाणी, चहा, काहीच पाजू नका.
5. बेशुद्ध माणसाला उलटी होत असेल तर डोकं, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून सगळं अंग एकदम कुशीवर वळवा. श्वास सगळ्यात आधी.
6. गाडी येणारच नसेल, तर चार-पाच जणांनी मिळून, डोकं धरणाऱ्याच्या इशाऱ्यावर, त्याला सपाट फळीवर घ्या. गाडी भरायची फळी इथं कामाला येते. मानेच्या दोन्ही बाजूंना कापडाच्या घड्या लावा आणि फळीला बांधा.

डोक्याला मार लागलेला माणूस कधी कधी उठून ‘काही झालं नाही’ म्हणतो. तरी पुढचा दिवसभर त्याच्यावर लक्ष ठेवा. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, बरळणं, झटका, नाका-कानातून रक्त किंवा पाणी, यातलं काहीही दिसलं तर वेळ न घालवता दवाखाना गाठा. गावाकडं असाल तर बीडचं जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे.

न पडताही धोका

वर्षानुवर्षं डोक्यावर आणि पाठीवर ओझं वाहिल्यानं दोन मणक्यांमधली गादी सरकू शकते आणि नस दाबली जाते. मोळ्या वाहणाऱ्या बायकांना ‘कंबर भरून आली’ म्हणत गोळी खाऊन काम रेटायची सवय असते. पण हातापायाला सतत मुंग्या, पायातली ताकद कमी होणं, चालताना झोक जाणं, ही लक्षणं डॉक्टरांना दाखवा. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली तर त्याच दिवशी दाखवा. मान मोडून घेणं, पाठीवर पाय देऊन तुडवून घेणं टाळा.

पाय लुळे पडले तर ती करणी नाही, कुणाची नजर नाही, मागच्या जन्मीचं पापही नाही. निरोपाची दोरी दबली आहे किंवा तुटली आहे, एवढंच. अंगारा-धुपाऱ्यात गेलेला वेळ परत मिळत नाही.

टोळीत डॉक्टर नसतो. पहिल्या तासात शेजारची माणसंच डॉक्टर असतात. म्हणून यंदा गाडीत बसण्याआधी टोळीतल्या सगळ्यांना, बायांना आणि पोरांनाही, हे सहा मुद्दे वाचून दाखवा. एकाला झोपवून मान कशी धरायची, कुशीवर कसं वळवायचं, ते सगळ्यांनी एकदा करून पाहा.