शकुंतलेचे पत्र आणि माझी आजी

(द्वितीय वर्ष, कला)

प्रेमपत्र लिहिण्याचा योग माझ्या आयुष्यात प्रथम आला तो वर्गात, आणि तोही दुसऱ्याच्या नावाने! कालिदासाचे ‘शाकुंतल’ शिकवून झाल्यावर सरांनी स्वाध्याय दिला, ‘आपण शकुंतला आहोत असे समजून दुष्यंतास पत्र लिहा.’ मी रात्र जागून काढली. ‘हृदयसिंहासनाधीश’, ‘विरहानल’ असे शब्द वेचून दोन पाने भरली. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. शब्द जितका जड तितका माणूस शहाणा, अशी माझी समजूत होती. सरांनी वही परत दिली. खाली शेरा होता, ‘हे पत्र शकुंतलेचे नव्हे, शब्दकोशाचे आहे. तिसरा अंक पुन्हा वाचा.’

तो वाचताना लक्षात आले की, कालिदासानेही हाच स्वाध्याय सोडवला आहे. कण्वमुनी आश्रमात नाहीत. मालिनीच्या काठी शकुंतला फुलांच्या शेजेवर आजारी पडली आहे. पत्राची कल्पना प्रियंवदेची. देवाचा प्रसाद म्हणून फुलांत लपवून ते राजाला पोचवायचे, असा तिचा बेत. पण शकुंतलेला भीती वाटते, त्याने झिडकारले तर? शिवाय लिहायला साधन नाही. तेव्हा कमळाच्या पानावर नखांनी अक्षरे कोरायची असे ठरते. कोरून झाल्यावर ती मैत्रिणींना विचारते, ‘अर्थ नीट जुळतो ना?’

आणि पत्र केवढे? एक श्लोक! तुझे मन मला ठाऊक नाही. माझे मात्र रात्रंदिवस जळते आहे, एवढाच त्याचा आशय. वर त्या राजाला ती सरळ निर्दय म्हणते. नखाने पानावर याहून जास्त मावणारही नाही.

महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. हे पत्र संस्कृतात नाही. संस्कृत नाटकात राजा संस्कृत बोलतो आणि बहुतेक स्त्रिया प्राकृत. त्यांची पद्ये संकेताप्रमाणे महाराष्ट्री प्राकृतात असतात. आपली मराठी त्याच प्राकृताच्या कुळातली. आड लपलेला दुष्यंत ते ऐकतो आणि पुढे येऊन संस्कृतात उत्तर देतो. त्याला अर्थ कळायला काहीच अडचण पडत नाही.

रशियन कवी पुश्किन याच्या ‘येवगेनी अनेगिन’ या काव्यात याच्या उलट घडते. तिसऱ्या अध्यायातली तात्याना प्रेमपत्र लिहिते ते फ्रेंचमध्ये. आपण त्याचा अनुवाद देत आहोत, असे कवीच सांगतो. पण तेही खरेच वाटते. कारण ती वाढली परदेशी कादंबऱ्यांवर; प्रेमाची भाषा तिला तिथेच भेटली. म्हणजे प्रश्न सोप्या किंवा अवघड भाषेचा नाही, ज्याच्या त्याच्या भाषेचा आहे.

हे मनाशी घोळवत मी सुटीत गावी गेलो. आमचे गाव सातारा जिल्ह्यात, डोंगरकपारीला. आजोबा मुंबईला गिरणीत होते. आजीला अक्षरओळख नाही. तिची पत्रे शाळेतले गुरुजी लिहीत. ‘पत्रास कारण की, इकडील सर्व क्षेम’ हे गुरुजींचे. त्यांच्यासमोर मनातले बोलायचे कसे? मी विचारले, ‘आजी, मग तू काय सांगायचीस?’

ती म्हणाली, ‘काय सांगनार? परड्यातलं आंबं पिकाय लागल्यात, खायाला मानूस न्हाई, आसं लिवा म्हनायची.’

मला एकदम शकुंतला दिसली. ज्या बोलीची कॉलेजात मी लाज बाळगत होतो, जी वर्गात चुकून तोंडून निघू नये म्हणून जपत होतो, त्याच बोलीत हे पत्र होते.

पात्राच्या नावाने पत्र लिहिताना ‘मी किती सुंदर लिहू’ हा प्रश्नच चुकीचा. या पात्राला काय ठाऊक आहे, ते कशाला भिते, पत्र कोणाच्या हातून जाणार आणि काय बोलायची त्याला चोरी आहे, हे आधी विचारावे. शब्द मागाहून येतात, आणि ते त्याच्या घरचे असतात.

मी पत्र पुन्हा लिहिले. पाचच ओळी, आमच्या बोलीत. सरांना देण्याआधी आजीला वाचून दाखवले. ती ऐकत राहिली. १९८२च्या संपानंतर आजोबा कायमचे गावी परतले होते. ते शेजारीच पान जमवत बसले होते. त्यांच्याकडे न पाहता आजीने विचारले,

‘मग, आला का त्यो?’