केळीचा चीक आणि जंतू

प्रश्न : केळीचा घड उतरवताना चीक लागला की कोयत्याचं पातं काळं पडतं. खरचटलं तर आमच्याकडचे जुने गडी हाच चीक जखमेवर लावतात. त्यात खरंच जंतू मारायचा गुण आहे का?
— एक केळी बागायतदार, बऱ्हाणपूर

उत्तर : गुण आहे, पण जखमेवर त्याचा भरवसा धरू नका.

चिकात टॅनिन असतं. बाभळीची साल, हिरडा, कात, डाळिंबाचं साल यांचा तुरटपणाही टॅनिनचाच. प्रथिनं दिसली की टॅनिन त्यांना घट्ट धरतं. कच्चं केळं चावलं की तोंड कोरडं पडतं, ते लाळेतली प्रथिनं अशी बांधली गेल्यामुळे. जंतूंच्या बाहेरच्या आवरणातली प्रथिनं आणि त्यांची विकरंही टॅनिन याच रीतीने निकामी करतं. बाभळीच्या सालीत कमावलेलं कातडं कुजत नाही, त्याचंही कारण हेच.

पात्यावरचा काळा डाग म्हणजे टॅनिन आणि लोह यांचं संयुग. बहुतेक जंतूंना वाढायला लोह लागतं आणि टॅनिन ते आधीच अडकवून ठेवतं. हा काळा रंग तुमच्या गावाला नवा नाही. सतराव्या शतकात बऱ्हाणपूरचं कापड इराण-तुर्कस्तानपर्यंत जायचं. फ्रेंच व्यापारी टॅव्हर्निये याने तसं लिहून ठेवलं आहे. आपल्याकडच्या छिटांवरच्या काळ्या रेघा अशाच उमटत : कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवायचं, मग त्यावर लोहाचं पाणी.

प्रयोगशाळेत हिरड्याचा अर्क दात किडवणाऱ्या जंतूंची वाढ रोखतो, म्हणून त्याच्या गुळण्यांना अर्थ आहे. पोटात मात्र टॅनिन आधी अन्नातल्या प्रथिनांनाच चिकटतं आणि त्याचे मोठे रेणू रक्तात फारसे शिरत नाहीत. त्यामुळे काढा पिऊन टायफॉइड बरा होईल, असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. शिवाय सगळेच सूक्ष्मजीव टॅनिनला बधत नाहीत. व्हॅन टिगेम या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1867 मध्ये टॅनिनच्या द्रावणात बुरशी वाढताना पाहिली. ती चक्क टॅनिन फोडून त्यावर जगत होती.

बागेतल्या चिकाबरोबर माती आणि तिच्यातले धनुर्वाताचे जंतूही जखमेत जाऊ शकतात. कोयता लागला तर जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवा, स्वच्छ फडकं बांधा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. गड्यांनाही सोबत न्या.