पेरणीपूर्वींची परीक्षा

मृगाचा पाऊस येण्यापूर्वीं पालम तालुक्यांतील जाणता शेतकरी घरचें सोयाबीन तसेंच तिफणींत ओतीत नाहीं. शंभर दाणे मोजून तो ओल्या गोणपाटांत गुंडाळून ठेवितो आणि कांहीं दिवसांनीं मोड किती आले तें पाहतो. सत्तर किंवा अधिक उगवले तर बियाणें पेरण्याजोगें. कमी उगवले तर तोटा शंभर दाण्यांचा. हीच गोष्ट रानांत कळली म्हणजे दुबार पेरणी कपाळीं येते. संगणकविद्येंत गेलीं पन्नास वर्षें ज्या प्रश्नानें मोठमोठ्या कंपन्यांस जागें ठेविलें, तो याहून फारसा निराळा नाहीं, असें आम्हांस वाटतें.

संगणकानें काय करावें हें सांगणाऱ्या आज्ञांचा संच म्हणजे सॉफ्टवेअर. तें हातांत तोलतां येत नाहीं, ठोकून पाहतां येत नाहीं; म्हणून त्यांतील दोष पुष्कळदां काम सुरू झाल्यावरच उघडकीस येतो. १९७६ सालीं आयबीएम कंपनींतील मायकेल फॅगन यांनीं एक रीत प्रसिद्ध केली. आज्ञा यंत्रावर चालविण्यापूर्वीं चारपांच सहकाऱ्यांनीं एकत्र बसून त्या बारकाईनें वाचाव्या, दोष टिपावे, आणि ते दुरुस्त झाले कीं नाहीं हें पुन्हां पाहावें. या बैठकींत परीक्षा लिखाणाची व्हावयाची, लिहिणाराची नव्हे. हा भेद सुटला कीं माणसें दोष झांकूं लागतात, आणि मग तपासणीचा नुसता सोपस्कार उरतो.

त्याच कंपनींत अनेक वर्षें काम केलेले वॉट्स हम्फ्री १९८६ सालीं अमेरिकेंतील पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर संस्थेंत गेले. संस्थेच्या कामाची पक्वता मोजण्यासाठीं तेथें पांच पायऱ्या ठरविण्यांत आल्या. पहिलीवर सारा भार एखाद्या हुशार माणसावर असतो. तो आजारी पडला कीं काम अडतें. तिसरीवर कामाची रीत लिहिलेली व सर्वांस ठाऊक असते. वरच्या पायऱ्यांवर दोषांची मोजदाद होते व तिच्या आधारें रीतच सुधारली जाते. १९९० नंतरच्या काळांत आपल्या देशांतील अनेक कंपन्यांनीं पांचव्या पायरीचा दाखला मिळविला. दाखला भिंतीवर आणि रीत कपाटांत, असाही प्रकार होऊं शकतो, हें सुज्ञांस सांगणें नको.

आतां विद्यार्थिमित्रांस लागू पडणारें उदाहरण घेऊं. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें. २०१७ च्या उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिकांच्या यांत्रिक प्रती काढून त्या प्राध्यापकांनीं संगणकाच्या पडद्यावर तपासाव्या, असा निर्णय त्यानें घेतला. कल्पना वाईट नव्हती. गुणांची बेरीज चुकत नाहीं, पेपर गांवोगांव वाहून न्यावे लागत नाहींत. परंतु सतरा लाखांच्या आसपास उत्तरपत्रिका, सर्व शाखा, आणि सर्व एकाच हंगामांत! तपासनिसांस सराव नव्हता; कांहीं उत्तरपत्रिका सांपडेनात. राज्यपालांनीं ३१ जुलैची मुदत घालून दिली, तीही टळली. निकाल लागतां लागतां सप्टेंबर उजाडला. ज्यांस परदेशीं किंवा अन्यत्र पुढील शिक्षणास जावयाचें होतें, त्यांच्या प्रवेशाची वेळ आली, पण गुणपत्रिका हातीं नव्हती. २४ ऑक्टोबर २०१७ रोजीं राज्यपालांनीं कुलगुरूंस पदावरून दूर केलें.

यंत्रानें घात केला, असें तेव्हां पुष्कळांनीं म्हटलें. आम्हांस तें पटत नाहीं. एका लहान शाखेच्या हजारभर उत्तरपत्रिका आधीं या रीतीनें तपासल्या असत्या, त्यांतल्याच कांहीं कागदावरही तपासून दोन्ही गुण ताडून पाहिले असते, एका तपासनिसास एका दिवसांत किती पेपर होतात हें मोजलें असतें, तर सतरा लाखांचा हिशेब पाटीवरच्या त्रैराशिकानें मांडतां आला असता. मुदत पुरणार नाहीं, हें परीक्षा सुरू होण्याआधींच कळलें असतें. आणि त्या वर्षापुरत्या तरी बाकीच्या शाखांच्या उत्तरपत्रिका जुन्या पद्धतीनें, लाल शाईनें, तपासून झाल्या असत्या.