हेडचे बोल्ट आवळताना

पाड्यावरचे आजारी ज्या जीपने दवाखान्यात जातात, तिचे सिलिंडर हेड घरी बसवताना जपावे लागते. मी तरुणांना आधी बोल्टची भोके कोरडी पुसायला लावतो. आत तेल साचले तर आवळताना ब्लॉक तडकू शकतो. क्रम पुस्तिकेतलाच घ्यावा, बहुधा मधून कडेकडे. आणि दोन-तीन फेऱ्यांत आवळावे. अर्धा मीटर लांब पान्यावर 20 किलोचा जोर म्हणजे सुमारे 100 न्यूटन-मीटर. पाना लांब घेतला की तोच हात जास्त आवळतो. म्हणून टॉर्क रेंच वापरा. कमी आवळले तर गॅस्केट गळून इंजिन तापते, जास्त आवळले तर बोल्ट ताणून तुटतो. काही इंजिनांचे हेडबोल्ट एकदाच वापरायचे असतात. तिथे नवेच घाला. अर्ध्या घाटात जीप बंद पडली, तर हाल आतल्या रुग्णाचे होतात.